वस्तादच्या जागी वस्तू

आमच्या वस्तादांच्या मोजणीत दहा कधी यायचेच नाहीत. एक, दोन, तीन करत गाडी नवापर्यंत नीट जायची. नऊ झाले की ते म्हणायचे, "अजून एक." तो झाला की "आता लास्ट." आणि तोही झाला की "हा लास्टचा लास्ट." खाली बाकावर पडलेला कापसाचा व्यापारी दात विचकून वजन वर ढकलतोय, डोळे पांढरे व्हायची वेळ आलीय, आणि वस्ताद त्याच्या डोक्याशी उभे राहून मला शांतपणे समजावून सांगणार, "दहा म्हनलं का मानूस सोडून देते, बाबू. मंग दहा म्हनायचं काऊन?"

गिऱ्हाईक तेलुगू असलं की ओकटी-रेंडु, व्यापारी असला की एक-दो-तीन, घरचं कुणी असलं की मराठी. दहा मात्र कुठल्याच भाषेत नाही.

इचोड्याला, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची जिम होती. आमची म्हणतो, पण मी तिथे नुसता काउंटरवर बसायचो. फोन घ्यायचा, नवीन मेंबरांचे फॉर्म भरायचे, चाव्या आणि शिक्का सांभाळायचा. म्हणून मी बाबू. मला नेमणुकीचं पत्र होतं आणि हजेरीपटात माझं नाव होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

वस्ताद बाजारहत्नूरचे. जिममध्ये येण्याआधी पंधरा-एक वर्षं त्यांनी भैंशाला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. वजन उचलायचं शास्त्र ते तिथेच शिकले, आणि ते शास्त्र फार लांबलचक नव्हतं. "गाठीले पहिले हात लावायचा. मंग श्वास घ्यायचा. मंग उचलायची. जो पहिले उचलते आन् मंग श्वास घेते, त्याची कंबर जाते." मालकाने त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर 'ट्रेनर' छापून आणलं, तर यांना तो शब्द पटेना. "टेनर तं हायवेनं जाते," ते रस्त्यावरच्या कंटेनरच्या ट्रककडे बोट करून म्हणाले. "मी वस्ताद हाय." तेव्हापासून लहानथोर सगळे त्यांना वस्तादच म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव फक्त माझ्या कागदांत होतं, आणि माझ्या कागदांची कथा पुढे येतेच आहे.

मालकाने हौसेने हैदराबादहून आरसे मागवून एक अख्खी भिंत मढवली होती. वस्तादांनी दुसऱ्याच दिवशी घरून बायकोचं जुनं लुगडं आणलं आणि अर्ध्या आरशावर टांगलं. नवीन मेंबराने पहिला महिना लुगड्याकडे तोंड करून व्यायाम करायचा, असा नियम. मालक भडकला. लुगडं काढून कोपऱ्यात फेकलं. संध्याकाळी ते परत आरशावर. असं तीन-चार दिवस चाललं. शेवटी मालकाने मला विचारायला लावलं की हे काय खूळ आहे.

"आरशात पायलं का मानूस पोट आत वढते," वस्ताद म्हणाले. "मंग मले खरं पोट कसं दिसन? महिनाभर मी पायतो. मंग तुमी पाहा."

लुगडं टिकलं ते वस्तादांच्या हट्टाने नाही. सरकारी मराठी शाळेतल्या एक बाई सकाळच्या लेडीज बॅचला यायच्या. अंगाने जाड, आवाजाने खणखणीत. त्या काउंटरवर येऊन म्हणाल्या, "ते लुगडं हाय म्हनून मी येऊन राह्यली, बाबू. ज्या दिवशी काढसाल त्या दिवशी मी बंद." मग मालक गप्प बसला.

वस्तादांच्या खोड्या सांगाव्या तेवढ्या थोड्या. आल्याआल्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. झोप झालेली नसेल तर, "जा, झोपा. आज हाच व्यायाम." एकदा मंडल कचेरीतल्या एका मोठ्या साहेबाला असंच परत पाठवलं आणि साहेब खरोखर घरी जाऊन झोपला. कोणी प्रोटीनच्या डब्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन मी गाठी वाहिल्या, डब्यावरचा तो माणूस एक तरी गाठ उचलून दाखवेल का? मेंबरांत एक ढाबेवाला होता, त्याच्या तोंडाला मिरची भज्यांचा वास आला की त्याच्याशी दिवसभर अबोला. हे सगळं लोक ऐकून घ्यायचे. नुसतं ऐकून घ्यायचे नाहीत, त्यासाठीच यायचे. कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलं, कुणाचा गुडघा कोणत्या पायरीवर कुरकुरतो, हे सगळं वस्तादांना पाठ होतं आणि व्यायाम घेताना ते बरोबर तेच विचारायचे.

आणि एक ओरड होती. "पाठ!" एवढीच. कुणी वाकून उभा राहिला, कुणी मोबाइलमध्ये मान घातली की खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, "पाठ!" सगळी जिम एकदम ताठ व्हायची, ज्याचा दोष नाही तोही. खालचा टायरवालासुद्धा ताठ व्हायचा म्हणे.

माझी पाठ त्यांनीच सरळ केली. मी चोवीस-पंचविसाव्या वर्षीच काउंटरवर बसून धनुकली झालो होतो. रात्री कूस बदलताना आई-आई करायचो. मी काही मेंबर नव्हतो. पण दुपारी जिम रिकामी असताना ते मला फरशीवर पालथं झोपवायचे, पाठीवर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. आता उठा. हळू." सहा महिने. एक दिवस चुकवला नाही. मी विचारलं, वस्ताद, माझ्यासाठी एवढं कशाला? तर म्हणाले, "तुमी आपले मानूस. कागदाच्या खुर्चीवर आपला मानूस बसला हाय, तं त्याची पाठ सरळ पायजे का नाही?"

या 'आपला माणूस'चा अर्थ आमच्या दोघांत वेगळा सांगावा लागत नव्हता. रोज सकाळी मोपेड खाली लावून ते वर यायचे आणि पहिला शब्द, "जय भीम, बाबू." माझा आजा दुसऱ्यांच्या शेतात राबला, माझे वडील शिकून मास्तर झाले. वडिलांनी मला तेलुगू माध्यमात घातलं, कारण ते म्हणायचे, "ज्या भाषेत हुकूम निघते ती भाषा पहिले शिकायची." मी शिकलो. शाळेत तेलुगूच्या पेपरात मी तेलुगू पोरांच्या वर असायचो. हा माझा अभिमान. वस्ताद मराठी शाळेत कसेबसे सातवीपर्यंत गेलेले. त्यांचं तेलुगू बाजारातलं, ऐकून उचललेलं. लिपी त्यांच्यासाठी नुसती गोल गोल जिलबी. म्हणून त्यांना माझं भारी कौतुक होतं.

आता कामाचं. मालकाचा नियम असा की वस्तादांनी पहाटे पाचला कुलूप उघडायचं, रात्री बंद करून जायचं, जिमचाच टी-शर्ट घालायचा, रजा हवी तर आधी विचारायचं, आणि बाहेर कुणाच्या घरी जाऊन शिकवायचं नाही. ढाबेवाल्याने आपल्या बापाच्या गुडघ्यासाठी घरी बोलावलं होतं, तेही मालकाने बंद केलं. म्हणजे सगळं नोकरासारखं. फक्त कागद नाही. वस्ताद कधी चाचरत नेमणुकीच्या पत्राचा विषय काढायचे, तेव्हा मालक त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसायचा. "मनोडे गदा!" आपलाच माणूस ना हा. मग हिंदीत, "घर के आदमी को कागज देते क्या?" वस्ताद विरघळायचे. आपलाच माणूस म्हटल्यावर कोण विरघळत नाही?

पण हजेरीची त्यांना ओढ होती. मी आणि झाडणाऱ्या मावशी हजेरीपटावर सही करायचो तेव्हा ते बघत उभे राहायचे. एक दिवस म्हणाले, "बाबू, माही सही कुठं?" मालकाने तर सांगून ठेवलेलं की यांचं नाव पटावर येता कामा नये. मी काय केलं, तर भेटीला येणाऱ्यांची वही होती, जाड, लाल कापडी पाठीची, ती त्यांच्यापुढे सरकवली. "तुमची वेगळी वही आहे, वस्ताद. स्पेशल." मला तेव्हा ती गंमत वाटली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, मराठीत आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षरावर नीट रेघ ओढून. त्यापुढे 'येण्याचं कारण' असा रकाना होता. तो मी भरायचो. 'भेट.' रोज त्यांची सही आणि रोज माझी 'भेट'. तीन वह्या भरल्या आमच्या.

एकदा मालकाने मेंबरांसाठी फॉर्म छापला. तुम्हाला आमच्या जिममध्ये काय आवडतं? मशीन, एसी, गाणी, पार्किंग, ज्यूसचा काउंटर. आवडेल त्यापुढे खूण करा. फॉर्म परत आले तेव्हा खुणा कमी आणि कडेला लिहिलेलंच जास्त. तेलुगूत, हिंदीत, मराठीत. बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मशीन सगळीकडं असते, नाव घेऊन रागावणारा मानूस नसते.' कापसाच्या व्यापाऱ्याने नुसतं 'वस्ताद' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी मालकासाठी गोषवारा केला. त्यात एसी पहिला आला, कारण कडेला लिहिलेल्याला रकाना नव्हता. रकाना नाही तर मी काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आहे.

मग कामगार खात्याचा साहेब आला तो दिवस. खबर आधी लागली होती. मालकाने वस्तादांना टी-शर्ट बदलायला लावला आणि बाकावर झोपवलं. "साब को दिखाना है, एक्सरसाइज कैसे करते." वस्तादांची कळी खुलली. साहेब हैदराबादेपर्यंत आपलं नाव नेणार असं त्यांना वाटलं असावं. साहेब वर आला. त्याने जुन्या वळणाच्या हिंदीत विचारलं, "कितने मुलाजिम हैं?" मालक म्हणाला, "दो. ये बाबू और एक झाड़ूवाली." "और वो?" साहेबाने बाकाकडे बोट केलं. "वो? कस्टमर है. आते रहते." आणि मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन वस्तादांच्या डोक्याशी उभा राहिलो आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. वस्ताद कानात ट्रकचे हॉर्न आणि छातीवर वजन घेऊन मन लावून करत होते; मागे काय बोलणं चाललंय इकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी दहा म्हणालो. त्यांनी वजन खाली ठेवलं आणि हळूच पुटपुटले, "दहा नाही म्हनायचं, बाबू."

इथपर्यंतचं सगळं, कुणी विचारलं असतं तर, मी मालकावर ढकललं असतं. पुढचं ढकलता येत नाही.

जवळच्या एका निवासी शाळेत मुलांकडून व्यायाम करून घ्यायला माणूस हवा होता. शिक्षणाची अट फार नव्हती. वयाची होती, आणि वस्तादांचं वय ती ओलांडून गेलं होतं. पण कुठे अशा कामाची नोकरी केल्याचा दाखला असेल तर वयात सूट मिळणार होती, तीही त्या वर्षापुरतीच. म्हणजे त्या वर्षी नाही तर कधीच नाही. ही जाहिरात बाईंनी आणून दिली. वस्ताद ती घडी करून खिशात घेऊन फिरायचे. मुलाखतीच्या दोन दिवस आधी ते माझ्या काउंटरसमोर स्टुलावर बसले. ते कधी बसायचे नाहीत, म्हणून मला आठवतं.

"बाबू, माह्या बापानं चाळीस वर्सं गाठी वायल्या," ते म्हणाले. "मेला तवा मी जिनिंगमदी गेलो. म्हनलं, त्याच्या कामाचं काई लिहून द्या. रजिस्टर काढलं त्यायनं. पायलं. म्हने, असा कोनी मानूस आमच्याकडं नव्हताच." मग म्हणाले, "मले बाकी काई नको. एकदा हजेरीपटात नाव लागलं पायजे. शाळेचा पट असते, पक्का. तुमी एक दाखला देऊन द्या. नऊ वर्सं झाले मले इथं."

मालकाला विचारलं. तो आधी नाहीच म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "लिख के दे. मगर मुलाजिम मत लिख, नौकर मत लिख, ट्रेनर मत लिख. कल को वही कागज लेके मेरे पीछे आए तो? तू पढ़ा-लिखा है, देख ले कैसे लिखना." आणि जाता जाता, निर्मलला दुसरी शाखा काढतोय, तिथे मॅनेजर लागेल, असंही बोलला.

मी बसलो लिहायला. तेलुगूत, कारण दाखला तेलुगूत हवा होता. हे गृहस्थ सुस्वभावी आहेत, निर्व्यसनी आहेत, शिस्तीचे आहेत. मग मुख्य वाक्य. ते मला चटकन सुचलं. 'गेली नऊ वर्षं ते आमच्या जिमला वस्तू उंडेवारु.' म्हणजे, येत असत. बस्स, येत असत. तीन वह्या पुराव्याला. खोटं एक अक्षर नाही आणि खरं एक अक्षर नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. मालकाच्या भीतीने लिहिलं असतं तर आज निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मी खुशीत लिहिलं. तेलुगूच्या पेपरात पहिला आल्यासारखा.

वस्ताद म्हणाले, "वाचून दाखवा की."

मी मराठी करून वाचलं. सुस्वभावी, निर्व्यसनी, शिस्तीचे. "गेली नऊ वर्षं ते आमच्या जिमला कामाला येत असत." 'कामाला' हा शब्द कागदावर नव्हता, माझ्या तोंडात होता. वस्तादांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांची मुलगी तेव्हा निर्मलला हॉस्टेलवर राहून मास्तरकीचं शिकत होती. ती घरी असती तर तिनेच वाचला असता. ती नव्हती. ते तसेच खाली उतरले, झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तो कागद लॅमिनेट करून आणला. "आता पान्यात पडला तरी जात नाही," म्हणाले, आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मुलाखतीहून ते दुपारी आले. जिम रिकामी होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. मी चेहऱ्याकडे बघायचं टाळून विचारलं, काय झालं?

"बाबू, रागावू नका," ते म्हणाले. "तुमच्याकून एक चूक झाली."

मी समोरच्या वहीची पानं उलटायला लागलो.

"वस्ताद लिव्हाच्या जागी तुमी वस्तू लिव्हलं."

मला क्षणभर कळलंच नाही. ते सांगत होते, साहेबाने कागद मोठ्याने वाचला, एकेक शब्द तोडून. वस्तू, उंडेवारु. आणि म्हणाला, "इंदुल नौकरी मुच्चट लेदु." यात नोकरीची गोष्टच नाही. वस्तादांच्या बाजारातल्या तेलुगूत येत असे म्हणजे 'ओस्तुंडे'. पुस्तकातलं 'वस्तू' त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या मराठी कानाला ती आपली साधी वस्तू. खुर्ची, बादली, तसली.

"मी म्हनलं साहेब, मी काय वस्तू हाओ का? मी वस्ताद हाय. आमच्या बाबूचं तेलुगू जरा कच्चं हाय, घाईत लिव्हलं त्यानं. तं सारे हासले. पन साहेब चांगला होता. म्हने परवापरेंत नीट करून आना. मंग आनला." त्यांनी लॅमिनेट केलेला कागद काउंटरवर ठेवला. "ह्याच्यावर तं आता खोडता येत नाही. दुसरा लिहून देता का? एकच शब्द हाय."

एकच शब्द होता. आता मला वाटेल तो लिहायचा होता. मालक खरोखरच निर्मलला गेला होता. लेटरहेड समोर होतं. शिक्का माझ्या खणात होता; खुर्ची पुढे ओढलेली असली की खणाची कडी माझ्या गुडघ्याला लागायची, तशी ती तेव्हाही लागत होती.

मी म्हणालो, "हो वस्ताद, चूक झाली माझी. घाईत झालं." आणि मग म्हणालो, "पण शिक्का मालक घेऊन गेलेत. ते तीन-चार दिवस येणार नाहीत."

"हाव का?" ते म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करसान."

उलट तेच माझी समजूत घालायला लागले. चूक सगळ्यांकडून होते, मी एकदा जिनिंगमध्ये गाठ दुसऱ्याच ट्रकात टाकली होती, वगैरे. मी खाली मान घालून ऐकत होतो. त्यांना वाटलं, बाबूला फार लागलं. तेव्हा त्यांनी नेहमीचं केलं. माझ्या मणक्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "पाठ."

त्यानंतर ते जिममध्ये फार दिवस राहिले नाहीत. मालकाने नागपूरहून सर्टिफिकेटवाला तरुण आणला, दंडावर गोंदलेला, कानात गाण्याच्या बोंड्या. लुगडं निघालं. शेवटच्या दिवशी वस्ताद लाल वही उघडून म्हणाले, "जायाची सही कुठं करू?" त्या वहीत बाहेर जाण्याच्या वेळेचाही रकाना होता. मी बोटाने दाखवला. बाई त्याच आठवड्यात बंद झाल्या, व्यापारी पुढच्या महिन्यात. मशीन होती, एसी होता, पार्किंगही होतं. वर्षभरात जिमच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. निर्मलची शाखा कधी निघालीच नाही. मी आता एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, एजन्सीमार्फत. ऑफिसच्या हजेरीपटात माझं नाव नाही. तक्रार करायला माझी जीभ उचलत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका नामकरणाला बाजारहत्नूरला गेलो. वस्तादांचं घर टाळून जायचं ठरवलं होतं, पण त्यांनीच रस्त्यावर गाठलं आणि हाताला धरून नेलं. केस पिकलेत. सीझनला पुन्हा भैंशाला गाठींवर जातात, एरवी दुसऱ्याच्या शेतात. अंगणात बाई होत्या! इचोड्याहून बसने येतात म्हणे, आठवड्यातून दोनदा, कंबरेसाठी. वलणीवर तेच लुगडं वाळत होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली लॅमिनेट केलेला तो कागद, खिळ्याला दोरीने टांगलेला.

"हे आमचे बाबू," त्यांनी बायकोला सांगितलं. "आपला मानूस. तेलुगू जरा कच्चं हाय, पन दिलाचा साफ."

बाई हसल्या, वहिनी हसल्या. चहा घेऊन आलेली मुलगी हसली नाही.

मी चहा उभ्याउभ्याच संपवला. निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. मी गाडीला किल्ली लावली.

"दादा, मी शाळेत पोरायले तेलुगूच शिकोते," ती म्हणाली.

मी गाडीचा आरसा पुसायला लागलो.

"त्या कागदात एकबी चूक नाही."

मी विचारलं, "वस्तादांना सांगितलंस?"

"नाही. त्यायचं नाव असलेला तेवढाच एक कागद हाय घरात. आन् तुमाले ते आपला मानूस म्हनते." तिने फाटकाची कडी लावली. "तुमी पुन्हा नका येऊ."

मी गाडी सुरू केली. वळणापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून अंगणातून ती ओळखीची ओरड आली, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. "बाबू, पाठ!"

मी प्रयत्न केला. पाठ सरळ झाली नाही.